हिराबाईंच्या बेकरीतली केकची पट्टी

मित्रांनो, खरे सांगायचे तर मला आता फार बोलवत नाही. अंग झिजले आहे, मुठीचे लाकूड फाटले आहे. पण तुम्ही वाढदिवसाला केक कापता तेव्हा वरचे क्रीम इतके सपाट कसे झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून एकदा सांगून टाकते. मी केकवरचे क्रीम सारखे करणारी लोखंडी पट्टी आहे. मुरबाडच्या एका लहानशा बेकरीत माझे आयुष्य गेले.

जन्माने मी केकची नव्हे. शहापूरच्या एका वखारीत आरायंत्राचे लांब पाते होते. सागाचे ओंडके कापता कापता ते एके दिवशी तुटले. त्याचा एक तुकडा धाऊ नावाच्या माणसाने मागून घेतला आणि लोहाराकडे नेला. ही १९९१ सालची गोष्ट.

लोहाराने मला वाकवून पाहिले. मी लवले आणि पुन्हा सरळ झाले.

"झ्याक लोखंड हाय. कोयती करू?" त्याने विचारले.

"कोयती नको रे," धाऊ म्हणाला. "कायपन कापनार नाय, अशी पट्टी पायजे."

लोहार हसला. "लोक धार लावायला येतात. धार काढून टाक म्हननारा तूच पयला."

त्याने माझे दात कापले, दोन्ही कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मला शिसवीची मूठ बसवली. धाऊने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, पाच वेळा. कुठेही अडखळला नाही तेव्हाच त्याने मला फडक्यात गुंडाळले.

धाऊ शहापूरजवळच्याच एका गावचा. लहानपणी मुंबईला गेला, तिथे बेकरीत वीस वर्षे राबला आणि केकचे काम शिकला. बायकोच्या आजारपणात तो गावी परतला. पुढे बायको गेली आणि तो एकटा राहिला. त्या सुमारास मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ हिराबाईंच्या नवऱ्याने बेकरी काढली होती. पाव, खारी, नानकटाई एवढाच माल होता. धाऊ आला आणि काचेच्या कपाटात केक दिसू लागले. दोन-तीन वर्षांत हिराबाईंचा नवरा वारला. हिराबाई स्वतः गल्ल्यावर बसू लागल्या. आवाज मोठा, नजर कडक. धाऊ त्यांना वयनी म्हणायचा आणि त्यांच्यापुढे जेवढ्यास तेवढे बोलायचा.

केक सपाट करणे किती चिकट काम आहे, ते माझ्याकडून ऐका. डालडा आणि दळलेली साखर फेटून क्रीम करायचे. साखर आधी मलमलीतून चाळायची. एक कण राहिला तरी क्रीमवर ओरखडा उठतो. फेटून झाले की लाकडी डावाने हळूहळू दाबत घोळायचे, म्हणजे आतली हवा निघून जाते. नाहीतर क्रीमला बारीक बारीक भोके पडतात. धाऊ त्यांना डोळे म्हणायचा. मग केकला आधी पातळ हात द्यायचा, म्हणजे भुगा जागच्या जागी चिकटून बसतो. केक बर्फाजवळ ठेवून तो थर घट्ट होऊ द्यायचा. त्यावर दुसरा जाड थर. आणि मग माझी पाळी.

धाऊ मला कोमट पाण्यात बुडवी, फडक्याने पुसे आणि केकच्या अंगाला टेकवी. केक एका फिरत्या पाटावर असे. तो पाट धाऊने जुन्या सायकलच्या चाकाच्या मधल्या, गरगर फिरणाऱ्या तुंब्यावर बसवला होता. मी हलायचे नाही, पाटाने फिरायचे. जास्तीचे क्रीम माझ्या अंगावर गोळा होई आणि केक गुळगुळीत होऊन बाहेर येई.

"क्रीम लावायला सगल्यांना येतं," धाऊ म्हणायचा. "काढायला येत नाय."

कामानंतर तो मला धुऊन, कोरडी करून खोबरेल चोळायचा. मी साधे लोखंड. ओली राहिले तर गंजले असते. सहा वर्षांत त्याने मला एकदाही ओले ठेवले नाही. मला वाटले, आपले असेच चालणार.

पण १९९७च्या सुमारास काहीतरी बिघडले, आणि ते सगळ्यांच्या आधी मला कळले. धाऊने मला केकला टेकवले आणि मी थरथरले. आधी वाटले, टेबल हलले. पण टेबल स्थिर होते. धाऊचा उजवा हात कापत होता. केकच्या अंगावर बारीक लाटा उठल्या. त्याने त्यांच्यावर गुलाबाची फुले काढली आणि लाटा झाकून टाकल्या. त्या दिवसापासून हिराबाईंच्या केकवर फुले वाढत गेली. गिऱ्हाइके खूश होती. कल्याणच्या डॉक्टरने धाऊला सांगितले की हे कापणे आता जायचे नाही. ते त्याने कोणाला सांगितले नाही. एकटा असला की डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून काम करायचा आणि केक झाला की घामाघूम होऊन मैद्याच्या पोत्यावर बसायचा. मीही शिणून जायचे. स्थिर राहणे हेच माझे काम, आणि तेच मला जमत नव्हते.

बेकरीत ट्रे घासायला सावळी नावाची बाई होती. डोळखांबच्या पलीकडच्या एका आदिवासी वाडीतली. दिवाळीनंतर वाडीतली माणसे वीटभट्टीवर जात, तशी तीही नवऱ्याबरोबर चार हंगाम भट्टीवर राबली होती. पुढे नवऱ्याला मुरबाडात बांधकामावर काम लागले आणि दोघे गावाच्या कडेला झोपडी करून राहिली. सावळी फारशी बोलायची नाही. पण ट्रे घासता घासता तिचे लक्ष फिरत्या पाटाकडे असायचे.

१९९८च्या मे महिन्यात वैशाखरे गावाहून प्रमिला नावाची बाई आली. लग्नाला बारा वर्षे झालेली. अकराव्या वर्षी तिला मुलगी झाली होती, भूमिका. तिचा पहिला वाढदिवस होता.

"साधा करा, दादा," ती धाऊला म्हणाली. "फुलं नको, वेल नको. नुसता पांढरा आनि वर पोरीचं नाव. म्हसा गावच्या जत्रंवरून येताना तुमच्या काचंत असा एक बघितला होता. तवा पोर नव्हती. पन तो केक मनातून गेला नाय."

मित्रांनो, साधा पांढरा केक सगळ्यात अवघड असतो. त्यात काहीच झाकता येत नाही.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळपासून उकाडा होता. धाऊने गोणपाटातल्या बर्फाच्या लादीवर ट्रे ठेवून केक थंड केला. पहिला थर बसला. दुसरा थर चढवून त्याने मला टेकवले. लाटा उठल्या. सगळे क्रीम काढून त्याने पुन्हा लावले. पुन्हा लाटा. तिसऱ्या वेळी मी केकमध्ये रुतले आणि आतला पिवळा भाग दिसू लागला. धाऊने मला खाली ठेवले. केक घेऊन दुपारची जीप धरायला प्रमिलाचा नवरा येणार होता.

"वयनीला सांगतो," धाऊ स्वतःशीच बोलला. "माझं काम संपलं."

मोरीपाशी ट्रे वाजायचा थांबला. सावळी हात पुसत आली.

"मामा, तुमी पाट फिरवा. पट्टी मी धरते."

"येडी का खुली गो? याला दहा वर्सं लागतात."

"फिरवा तं खरं."

धाऊने तिच्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. हिराबाई पुढे गल्ल्यावर होत्या. त्याने रुतलेली जागा भरून घेतली, थर पुन्हा चढवला आणि पाटाच्या काठावर तळवा ठेवला. सावळीने मला उचलले.

तो हात मी आजही विसरले नाही. खरबरीत, मजबूत आणि स्थिर. तिने मला दाबले नाही, सैलही सोडले नाही. धाऊने पाट फिरवला. त्याचा हात कापत होता, पण पाट जड होता, तुंबा चांगला होता. कापणे पाटापर्यंत पोचलेच नाही. एक फेरा पुरा झाला. सावळीने मला अलगद बाजूला घेतले. केकच्या अंगावर एक रेघ नव्हती. मग वरचा उठलेला काठ तिने आतल्या बाजूला ओढून घेतला. दरवेळी मला पुसून, दरवेळी एकच ओढ.

धाऊने तळव्याने पाट थांबवला. "कुठं शिकलीस गो हे?"

"भट्टीवर. साच्यात चिखल भरायचा नि वरचा जास्तीचा एका हातानं वढून काढायचा. कमी काढला तं ईट फुगते, जास्ती काढला तं खड्डा पडतो. दिसाला हजार-हजार इटा पाडल्यात, मामा."

आता नाव राहिले. सावळीला अक्षरओळख नव्हती, आणि धाऊच्या हाताने नाव सरळ आले नसते. धाऊने टेबलावर मैदा पसरला आणि बोटाने त्यात लिहिले, भूमिका. अक्षरे वाकडीतिकडी आली. सावळीने ती बराच वेळ पाहिली, क्रीमची पिशवी हातात घेतली आणि केकवर तीच अक्षरे सरळ करून उतरवली. तिने आयुष्यात लिहिलेली ती पहिली अक्षरे.

केक जीपमधून वैशाखऱ्याला गेला आणि नीट पोचला. आठ दिवसांनी प्रमिला पोरीला कडेवर घेऊन, घरचे आंबे घेऊन आली.

"दादा, तुमच्या हाताला तोड नाय. माझी सासू म्हनली, कापू नका, नुसता बघू दे."

हिराबाईंचा चेहरा फुलला. धाऊने आंब्यांची पिशवी घेतली आणि मान खाली घातली. मोरीपाशी सावळी ट्रे घासत होती, ती घासतच राहिली. प्रमिला गेल्यावर धाऊने आंबे सावळीपुढे ठेवले. तिने त्यातला एक घेतला आणि बाकीचे सरकवले.

"तुमचं नाव हाय, मामा. राहू दे."

पुढे जवळजवळ दोन वर्षे असेच चालले. मागचे दार लोटून घ्यायचे, त्याने पाट फिरवायचा, तिने मला धरायचे. पुढच्या दाराने केक जायचा आणि धाऊचे कौतुक आत यायचे. केकवरची फुले कमी झाली. गुळगुळीत पांढरे केक मागायला लोक सरळगावाहून, टोकावड्याहून येऊ लागले. धाऊ मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. कौतुक झाले की तो त्या दिवशी जेवायचा नाही, हे मी पाहिले आहे.

२००० सालच्या जानेवारीत बेकरीला दहा वर्षे झाली. हिराबाईंनी सत्यनारायण घातला. दारापुढे मांडव, आजूबाजूचे दुकानदार, गिऱ्हाइके. पूजेनंतर हिराबाईंनी धाऊला पुढे बोलावले. त्यांच्या हातात शाल आणि नारळ होता. कापायला आणलेला केक पाटावर होता, त्यावर अजून क्रीमचा शेवटचा हात फिरायचा होता. धाऊने तो सगळ्यांसमोर पुरा करावा, अशी हिराबाईंची हौस. म्हणून मीही तिथेच पाण्याच्या भांड्याशेजारी होते.

धाऊ पुढे आला, पण त्याने मान वाकवली नाही.

"वयनी, थांबा. शाल मला नको. दोन वर्सं झाली, माझा हात चालत नाय." त्याने उजवा हात पुढे केला. बोटे थरथरत होती. "हे सगले केक सावळीनं केल्यात. मी नुसता पाट फिरवतो."

सावळी मागे पत्रावळी उचलत होती, ती तशीच उभी राहिली. हिराबाईंचा चेहरा लाल झाला.

"दोन वर्सं? माझ्याच बेकरीत, माझ्याच पाठीमागं?"

"काम जाईल म्हनून भ्यालो. पन तिचं नाव खाऊन पोट भरत नाय, वयनी."

हिराबाईंनी शाल आणि नारळ बाजूला ठेवला. मग सावळीला म्हणाल्या, "हात धू. कर माझ्यासमोर."

सावळीने हात धुतले. धाऊ पाटापाशी बसला. शंभर डोळे आमच्यावर होते. मला वाटले, आज हिचाही हात कापेल. पण तिने मला उचलले, पुसले आणि केकला टेकवले. पाट फिरला. एक फेरा, मग वरचा काठ. तिने मला बाजूला ठेवले आणि पदराने कपाळ पुसले.

हिराबाई खाली वाकल्या. डोळा केकच्या रेषेत आणून त्या सगळ्या बाजूंनी फिरल्या. कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी पुटपुटले, "वाडीवरच्या बाईच्या हातचा केक होता होय हा?"

हिराबाई ताठ उभ्या राहिल्या. "दोन वर्सं खाल्लास ना? दुखलं का पोट?"

त्यांनी केक कापला आणि पहिला तुकडा स्वतः खाल्ला. मग शाल घडी करून काखेत मारली. "ही आज कोनालाच नाय. तुमी दोघांनी मला फसवलंय."

दुसऱ्या दिवशी ट्रे घासायला जना नावाची दुसरी बाई आली. सावळीला कोरा पांढरा एप्रन मिळाला. हिराबाई होळीपर्यंत धाऊशी बोलल्या नाहीत. पण पाटापाशी त्याच्यासाठी एक खुर्ची मात्र त्यांनी आणून ठेवली. आधी तो पोत्यावर बसायचा.

ती तीन-चार वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात बरी होती. केक घेताना लोक सावळीचे नाव घ्यायचे. धाऊ मोकळेपणाने जेवायचा. २००३च्या थंडीत तो चार दिवस तापाने पडला आणि गेला. सावळीने बारा दिवस मला हात लावला नाही. तेराव्या दिवशी ती आली, डावा हात पाटावर ठेवला आणि उजव्या हातात मला घेतले. दोन्ही कामे एकटीने करायला तिला जड जात होते. जमले, पण ती लवकर थकू लागली.

मग काळ बदलला. हिराबाईंना गुडघ्यांनी बसवले आणि त्यांचा भाचा संजू दुकान पाहू लागला. वाईट पोरगा नव्हता, पण घाईचा. त्याने फ्रीज आणला, डब्यातले तयार फ्रेश क्रीम आणले. ते हलके, भुसभुशीत, पटकन पसरणारे. त्यासाठी प्लास्टिकची पट्टी पुरते. जुन्या क्रीमचा केक महिन्यातून एखादाच होऊ लागला. मी खुंटीवरून खाली आले आणि ड्रॉवरमध्ये पडले. तिथून कोणीही मला कशालाही उचलू लागले. जळके ट्रे खरवडायला, पोत्याचा दोरा तोडायला. तेल लावणे सुटले. अंगावर गंजाचे ठिपके आले.

२००७ सालची गोष्ट. सावळी नातेवाइकांच्या लग्नाला वाडीवर गेली होती. तेव्हा संजूने डालड्याच्या डब्याचे घट्ट बसलेले झाकण माझ्या कडेने उचकटले. झाकण निघाले आणि माझी कड तुटली. तांदळाच्या कणीएवढीच. सावळी परत आली. तिने सवयीने अंगठा फिरवला, अंगठा कापला. तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळली. केक घेतला, मला टेकवले. केकभोवती एक बारीक रेघ उमटली. तिने क्रीम काढून पुन्हा लावले. पुन्हा तीच रेघ.

"कोन बघतंय, मावशी?" संजू म्हणाला. "वरून डिझाइन मार नि दे."

सावळीने मला धुतले, पुसले आणि पुढच्या खोलीत हिराबाईंकडे गेली.

"बाई, माझ्यानं आता नाय होत. पन ही मला द्या."

हिराबाईंनी तिच्या हाताकडे पाहिले. बोटांचे सांधे सुजले होते. त्यांनी नुसती मान डोलावली.

सावळी मुरबाड सोडून डोळखांबकडच्या आपल्या वाडीत परतली आणि मीही तिच्याबरोबर गेले. तिथे ना बेकरीची भट्टी, ना केक. सावळी अंगणात वाटण वाटायच्या पाट्यावर पाणी टाकून मला घासू लागली. रोज थोडा वेळ. हात दुखला की थांबायची, पुन्हा लागायची. तेवीस दिवसांत ती खाच गेली. माझी रुंदीही बरीच गेली. तिने मला तेल लावले आणि भिंतीच्या कोनाड्यात ठेवले. मला वाटले, सुटलो. आता दोघींनाही कोणी बोलावणार नाही.

पण पुढच्या उन्हाळ्यात संजूची मोटरसायकल वाडीत आली. एका घरच्या लग्नाला केक हवा होता. दूरच्या गावी न्यायचा, तिथे फ्रीज नाही. फ्रेश क्रीमचे दोन केक वाटेतच ढासळले होते.

"मावशी, जुनं क्रीम जमवलंय मी. प्लास्टिकनं सारखं होत नाय. ती पट्टी दे ना, दोन दिसांत आनून देतो."

सावळी उंबऱ्यावर बसली होती. तिने कोनाड्यातून मला काढले, मांडीवर ठेवले. माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली,

"पट्टी एकली येत नाय रे. काम असंल तं मला बोलव. आनि पाट फिरवायला तू बसशील."

संजूने डोके खाजवले. "मला येतंय कुठं?"

"मला तरी कुठं येत होतं?"

संजू तोंडातल्या तोंडात हसला. "बस मागं."

तिला उठायला वेळ लागला. संजू थांबला, हे मी पाहिले.

त्या दिवशी त्याने पाट तीनदा चुकीचा फिरवला. चौथ्यांदा बरा फिरवला. केक पोचला आणि उभा राहिला.

मित्रांनो, हत्यार झिजते, तसा हातही झिजतो. आम्हाला धुवा, कोरडे करा, तेल लावा, आमचे काम असेल तेच आमच्याकडून घ्या. एवढे केलेत तर आम्ही पुष्कळ वर्षे टिकतो. पण हाताचे तेलावर भागत नाही. त्याला बसायला खुर्ची द्या, त्याच्या उठण्याइतका वेळ थांबा आणि चारचौघांत त्याचे नाव घ्या.

आता महिन्यातून एकदा-दोनदा आम्ही मुरबाडला जातो आणि दुपारच्या एसटीने परत येतो. आजही जाऊन आलो. सावळीने मला पुसून कोनाड्यात ठेवले आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तिचा डोळा लागला आहे. तुम्हीही जरा हळू बोला.